पाट्याच्या गाण्यातली तिसरी ओवी

काशी,

तुझे तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई वसंताने परसातला पाटा धुऊन भिंतीशी उभा केला. मी तिला काही म्हटले नाही. पाटा उभा केला म्हणजे त्या वेळचे वाटण संपले, एवढाच त्याचा अर्थ असतो. परंतु तू असताना तो उभा पाहिल्याचे मला स्मरत नाही. स्वयंपाकघरात मिक्सर येऊन युगे लोटली, तरी कोथिंबिरीची चटणी तू परसातच वाटायचीस, आणि वाटता वाटता आपली पदे म्हणायचीस. इकडे देवघरात मी सहाणेवर चंदन उगाळीत असे. मधे एक खिडकी. माझ्या स्तोत्राच्या दोन चरणांमध्ये श्वास घ्यावा, तेवढ्यात तुझा वरवंटा फिरून यावा, असा आपला प्रातःकाळ.

"अण्णा, तूही वाटतोसच की," तू खिडकीतून म्हणायचीस.

"मी उगाळतो. वाटणे वेगळे."

"तुझा दगड मऊ होणें, माझा खरखरीत. घासायचें दोघांनीं." आपल्या बोलीत 'हवे' नाही, 'होणें' आहे.

आता खिडकीपलीकडे काही नाही. सहाणेवर पाणी घालताना माझा हात मध्येच थांबतो, ऐकण्यासाठी. मग पुन्हा उगाळू लागतो.

तुझ्याविषयी लिहा, असे राजवाड्यामागच्या आपल्या मराठी गल्लीतील मंडळींनी मला सांगितले. तू कोणत्या शाळेत गणित शिकवलेस, हे त्यांना ठाऊकच आहे. अर्ध्या गल्लीचे पाढे तूच पाठ करून घेतलेस. शाळेची नोकरी संपल्यावर तू जे आरंभिलेस, त्याविषयी मला तुझ्याशीच बोलायचे आहे, कारण आपला वाद अर्ध्यावर राहिला आहे.

पेन्शनीत निघालेल्या बायका तीर्थयात्रेला जातात. तू कामे पाहायला निघालीस. कालव्याची दारे उघडणारा, फणसाचे लाकूड कोरून वीणा घडवणारा, पितळी ताटावर ठोके मारून देवाची आकृती उठवणारा, चिखलात भाताची रोपे लावणाऱ्या बायका. ज्याचे त्याचे काम आधी घटकाभर स्वतः करून पाहायचे, स्वतःचे हसू करून घ्यायचे, घरी येऊन मराठीत पद रचायचे, आणि मग परत जाऊन ते त्या माणसाला आधी म्हणून दाखवायचे. त्याला मराठी येत नाही; तू तमिळमध्ये अर्थ सांगायचीस. त्याला जे रुचणार नाही ते काढून टाकायचे. तो 'बरोबर' म्हणाला की मगच घरच्यांनी ऐकायचे. हा नियम तू कोणासाठीही मोडला नाहीस. थोरल्या भावासाठीही नाही.

एका लग्नाचे पौरोहित्य करायला मी नदीपलीकडच्या गावी गेलो होतो आणि तू माझ्याबरोबर आली होतीस, तो दिवस मला फार आठवतो. मी मांडवात होमाशी; तू पलीकडच्या शेतात, पदर खोचून, गुडघाभर पाण्यात. दुपारी मी बांधावर आलो तेव्हा तू लावणी करणाऱ्या बायकांना तुझे पद ऐकवीत होतीस:

*पाण्यामाजीं पाय / बोटांतुनी जाय / हिरवी रेघ होय / अन्न उद्याचें*

त्यांच्यात अंजलै म्हणून एक थोराड बाई होती. तिने शेवटपर्यंत ऐकले, कनवटीची सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, "टीचरम्मा, गाणे चांगले आहे. पण ह्याच्या चालीवर रोप लावले तर कापणीचा पोंगल येईल. फार हळू आहे."

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. तू हसली नाहीस. तू गंभीरपणे विचारलेस, "मग किती भरभर होणें?" आणि अंजलैने हातांनी रोप खोचून दाखवले, एक, एक, एक. परतीच्या बसमध्ये तू सारा वेळ खिडकीच्या गजावर बोटांनी ती लय धरून बसली होतीस. कंडक्टरला वाटले, तू त्याला बोलावते आहेस.

तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "काशी, त्यांना त्यांची गाणी आहेत. आपल्याहून बरी आहेत. तू त्यांना मराठी गाणे कशाला नेऊन देतेस?"

"त्यांना देत नाहीं, अण्णा. तिकडून आपल्या घरांत आणतें." तू बाहेरच्या शेतांकडे बोट केलेस. मग म्हणालीस, "बघ की. आपल्या मराठींत देव आहेत. राजे आहेत. सासू आहे, सांबार आहे. पण नांगर धरायचा, दार उघडायचें, लाकूड कोरायचें म्हटलें की आपण तमिळ बोलतों. इतक्या पिढ्या ह्या भाताचें खाल्लें आणि आपल्या बोलींत भात लावायला एक ओळ नाहीं. मला लाज वाटते रे."

ती लाज मलाही थोडी लागली.

परंतु मूळ मतभेद राहिलाच. मी म्हणत आलो की कर्म करावे आणि ईश्वरार्पण करावे. त्याचे गायन करू लागलो की करणारा मागे राहतो आणि गाणारा पुढे येतो. घाम एकाचा, टाळ्या दुसऱ्याला. तू हे नाकारले नाहीस. "म्हणून तर आधी त्याला विचारतें," एवढेच म्हणायचीस. मग मी दुसरा प्रश्न टाकायचो: "तुझ्या पदाने कोणाचे काम हलके झाले? कोणाच्या घरी दोन घास जास्त गेले?" त्यावर तू वरवंटा फिरवू लागायचीस. तो प्रश्न मी तुला हरवण्यासाठी विचारीत नव्हतो. मला खरोखर जाणून घ्यायचे होते, कारण तो प्रश्न माझ्या स्वतःच्या पाठालाही लागू होता.

पदे लिहून ठेव, असेही मी पुष्कळदा सांगितले. तू एक अक्षर लिहिले नाहीस. "देवनागरी ह्या गल्लींत वाचणार कोण? तू आणि मी. आणि ज्याच्या हातांत काम आहे त्याला पुस्तक धरायला हात कुठले? तुमचा वेद कोणी लिहून शिकवला? तोंडांतून तोंडांत गेला. माझें पद एवढें जड नाहीं, तेंही जाईल." माझ्या शास्त्राने मलाच बांधून ठेवण्याची तुझी ही जुनी खोड.

आणि म्हणूनच आता अडचण झाली आहे.

ह्या आषाढात सिंगारम् गल्लीत आला होता. ज्या पाट्याला इथे अम्मी म्हणतात, तो टाकीने टोचून पुन्हा खरखरीत करून देणारा तो माणूस. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या गावातून मोपेडवर येतो, मागे टाक्या-हातोड्याची पिशवी बांधून. आपल्या लहानपणी त्याचा बाप पायी यायचा. तू त्याच्यापुढे बसकण मारून टाकी मागितलीस. त्याने दिली. पहिल्याच घावाला तू आपल्या अंगठ्यावर मारून घेतलेस आणि तो घाबरून म्हणाला, "अम्मा, हात देवाचा आहे, मला परत द्या." हातावर हळद बांधून तू त्याच संध्याकाळी पद रचायला बसलीस. दोन ओव्या त्याने पुढच्या खेपेस मान्य केल्या आणि मग मला ऐकायला मिळाल्या:

*पाटा झाला आरसा / घासून जैसा तैसा / दिसे मुखाचा ठसा / वाटण नोहे*

*टाकी आली दारीं / घाव धरी वरी / शंभर डोळे करी / दगडासी*

मी चंदन ठेवून खिडकीशी आलो. खोटे कशाला बोलू, त्या शंभर डोळ्यांनी मला हलवले. मी म्हणालो, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे थोरांनी सांगितलेच आहे. तेच तू सांगितलेस."

तू वरवंटा थांबवलास. "नाहीं रे अण्णा. देव झालेल्या दगडाचें सगळ्यांनीं गाइलें. ह्याला घाव सोसून देवपण नक्को. ह्याला चटणी होणें."

वसंता आत हसताना ऐकू आली. मीही हसलो असेन.

तिसऱ्या ओवीवर मात्र घोडे अडले. तू ती सिंगारम् आणि मी दोघेही दारात असताना एकदमच म्हटलीस, म्हणून मला ठाऊक आहे:

*दगड थके नाहीं / हात थके पाहीं / त्या विसावा देई / जगदंबे*

तुझ्या साऱ्या पदांत ही एकच ओवी अशी होती की जी मी माझ्या देवघरात म्हटली असती. तू तमिळमध्ये अर्थ सांगितलास आणि सिंगारम्‌चा चेहरा पडला. तो पिशवीची दोरी सोडू-बांधू लागला. "टीचरम्मा, हे नको. हात थकला म्हणून गाणे झाले तर बायका म्हणतील, म्हातारा झाला, हा काय टोचणार. आधीच मिक्सरने घरे खाल्ली. विसावा देवी देईलच, मागायला नको. काम मिळू दे." मग जरा संकोचून, "घालायचीच असेल तर माझी हाक घाला. हाक ऐकली की लोकांना आठवते घरात अम्मी आहे ते."

तो गेल्यावर आपण वाद घातला. मी म्हणालो, प्रार्थना आहे, ती कोणाचे काय बिघडवते, ठेव. तू म्हणालीस, "प्रार्थना आहे, पण त्याची नव्हे. माझी. माझी मी वेगळी करीन." आणि ती ओवी तू टाकून दिलीस. पुढे कितीतरी दिवस दुसरी सापडेना. वाटण वाटताना दोन ओव्या म्हणायचीस आणि पुढे नुसता वरवंटा फिरायचा.

आणि मग तो दिवस. सकाळी तू कुठेशी जाऊन आलीस, पायरीवर चपला काढता काढता मला म्हणालीस, "अण्णा, तिसरी सांपडली. संध्याकाळीं म्हणतें. आत्तां दमलें." जेवून पडलीस. वसंता चहा घेऊन गेली तेव्हा तू निघून गेली होतीस, उजव्या कुशीवर, अंगठ्यावरचा काळा डाग वर.

सुतकात पाठ नाही, पूजा नाही. आयुष्यभर रोज ज्याने जिभेला काम दिले, त्याला गप्प बसणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. बसून राहायचो आणि मनात तुझी पदे ओळीने येत. एकेक पूर्ण, स्वरासकट, तुझ्या खोकल्यासकट. ऐकत नाही म्हणता म्हणता मी ती सारी पाठ केली होती. आपल्या लोकांचा अभ्यासच तसा. कानावर पडले की मुखोद्गत.

तुझी क्रिया माझ्या चिरंजीवाने केली. घाटावर त्याने जीवखडा धुतला, त्यावर तिलोदक सोडले, आणि मी दूर बसून त्या लहानशा दगडाकडे पाहत होतो. किती लग्ने मी लावली. प्रत्येक नवरीचा पाय धरून मी तो पाट्यावर ठेववला आणि दगडासारखी स्थिर राहा असे तिला सांगितले. पहिला दगड तो, आणि शेवटचा हा. मधल्या साऱ्या जन्माचा दगड परसात असतो, त्याच्याविषयी आमच्या पोथ्या काही बोलत नाहीत. तुझ्या पायाखाली पहिला दगड आलाच नाही. तू सरळ मधल्यापाशी जाऊन बसलीस आणि त्याचे गाणे केलेस.

माझे पद तेवढे राहिले. "तुझें शेवटीं करीन, आधी तुझ्या कामांत काय थकतें तें सांग," असे तू म्हणाली होतीस. मी तेव्हा विषय बदलला. आज सांगतो. जीभ थकत नाही. श्वासही नाही. आपण म्हणतो आहोत ते कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, हा विश्वास थकतो. तो रोज पहाटे पुन्हा खरखरीत करून घ्यावा लागतो. तुझा वरवंटा खिडकीपलीकडे फिरत असला की ते काम मला सोपे जाई. हे तू असताना सांगायला हवे होते असे नव्हे. तुला ते ठाऊक असावे.

तेराव्याला जेवणे आटोपल्यावर गल्लीतल्या बायका परसाकडे बसल्या आणि तुझी पदे म्हणू लागल्या. वसंताने सुरुवात केली. भातलावणीचे झाले, भरभर, वीणेचे झाले. पाट्याचे पद निघाले, दोन ओव्या झाल्या आणि सगळ्या थांबल्या. थांबून माझ्याकडे पाहू लागल्या.

"मामंजी, तिसरी तुम्ही करा," वसंता म्हणाली. "तुम्हाला काय अवघड?"

अवघड नव्हते. ओवी बांधणे मला संध्येसारखे आहे. त्याहून सोपे म्हणजे, जुनी तिसरी माझ्या ओठांवरच होती. तुझीच होती, सुंदर होती, जगदंबेचे नाव तीत होते; मी म्हटली असती तर त्या बायकांनी डोळे पुसले असते आणि उद्यापासून गल्लीत तीच चालली असती. कायमची. सिंगारम् पाटा टोचायला दारात आला असता आणि आतून त्याच्या थकलेल्या हाताचे गाणे ऐकू आले असते.

मी म्हणालो, "आज एवढेच राहू दे."

रात्री विचार करता एक गोष्ट लक्षात आली आणि मी अंथरुणात उठून बसलो. तू मला 'संध्याकाळीं म्हणतें' म्हणालीस. मला म्हणायला तू तयार होतीस, म्हणजे नियमाप्रमाणे ती ओवी त्याने आधी ऐकलेली असणार. सकाळी तू कुठे गेली होतीस ते मला तेव्हा उमगले.

मैथिलीला रविवारी बँक नसते. माझी नात माझे मराठी सगळे समजते आणि तमिळमध्ये उत्तर देते, हे तुला सांगायला नको. तिच्या स्कूटरवर मी मागे बसलो, धोतर सावरीत. "तात्ता, शेला नीट गुंडाळा, चाकात गेला तर दोघेही तिसरी ओवी शोधायला वरच जाऊ," ती म्हणाली. हा तुझाच वारसा. कालव्याच्या कडेने, नारळींच्या सावलीतून, विचारत विचारत गेलो.

सिंगारम् त्याच्या गावच्या रस्त्यावर, एका चहाच्या दुकानापुढे बाकावर बसलेला होता. तुझी वार्ता त्याला कळली नव्हती. मैथिलीने सांगितली. त्याने हातातला पेला खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला.

"त्या सकाळी आल्या होत्या, सामी. बसने. इथेच बसल्या." त्याने बाकावर आपल्या शेजारी हात ठेवला. "हाक पुन्हा पुन्हा घालायला लावली मला. म्हणाल्या, चालीत बसली पाहिजे. मग पद म्हटले."

"शेवटची ओवी कशी होती?"

"तुमची भाषा मला कुठे येते, सामी. आधी काही तुमचे शब्द होते. शेवटी माझी हाक. अर्थ सांगितला तो हसण्यात गेला. मला हाकेचेच हसू आले, आपली हाक बाईमाणसाच्या तोंडून. मी म्हणालो, आता बरोबर."

"काही शब्द? एखादा?"

त्याने डोळे मिटून प्रयत्न केला. ओठ हलले. चाल आली, शब्द आले नाहीत. "नाही, सामी," तो म्हणाला, आणि जणू माझे जे हरवले ते त्याच्याकडून हरवले, असा अपराधी झाला.

मग मी काय करावे ते मला दुसरे सुचले नाही. मी तिथेच, चहाच्या दुकानापुढे, ते पद म्हटले. माझा आवाज पाठाचा आहे, गाण्याचा नाही. मैथिली हळूच माझ्या सुरात आली. तिला दोन्ही ओव्या येत होत्या, मला माहीत नव्हते. आरसा झाला, टाकी आली, दगडाला शंभर डोळे आले. आणि आम्ही थांबलो, जिथे सगळे थांबतात तिथे.

सिंगारम्‌ने आमच्याकडे पाहिले. त्याला वाटले असेल, आम्ही त्याच्यासाठी थांबलो आहोत. त्याने पंचा खांद्यावर टाकला, मान वर केली, आणि गल्लीत घालतो तशी, पूर्ण गळ्याने, हाक घातली:

*अम्मी कोत्तलैयो, अम्मीऽ*

अम्मी टोचून घ्यायची नाही का, अशी ती हाक ओवीच्या चौथ्या चरणात नेमकी बसली. मी काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या घराच्या गच्चीवरून एक बाई कठड्याशी आली, ओले कपडे हातात.

"ए अम्मीकारा, रविवारी आलास होय? थांब. जाऊ नको. आमचा दगड नुसता लोणी झाला आहे."

"इथेच आहे की, तायी," सिंगारम् म्हणाला, आणि मला व माझ्या ओवीला तिथेच सोडून मोपेडवरची पिशवी सोडायला गेला.

मैथिली तोंडावर हात ठेवून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होते. आम्ही बाकावर बसून राहिलो. समोरच्या पायरीवर टाकी पडू लागली, एका लयीत, ना भरभर, ना हळू. दगडाचा पांढरा भुगा त्याच्या पावलांवर साचत होता. काम झाल्यावर त्या बाईने पाट्यावर हात फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

काशी, मी तुला विचारीत असे, तुझ्या पदाने कोणाच्या घरी दोन घास जास्त गेले. ते उत्तर तू मला दिले नाहीस. मी ते त्या बाकावर बसून पाहिले, आणि ते पाहताना मी हरलो की जिंकलो, हे माझे मला सांगता आले नाही. तुझे हरवलेले शब्द मी आता शोधणार नाही, आणि माझे तिथे घालणार नाही. गल्लीतल्या मुलींना हे पद शिकवताना मी पहिल्या दोन ओव्या चरणाचरणाने घोकून घेतो, वेद घोकवतो तशा. तिसरीचे तीन चरण आम्ही गप्प बसतो. चौथ्याला हाक घालायची. मैथिली पहिल्यांदा लाजली. "मोठ्याने," मी म्हणालो. "गल्लीच्या टोकाला ऐकू गेले पाहिजे." आपल्या मराठीत काम आणायला तू निघाली होतीस, ते स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या तमिळमध्येच आत आले आहे, आणि ओवीने त्याला जागा दिली आहे.

जगदंबेची ती जुनी ओवी मी तुझ्यासाठी ठेवली आहे. तू म्हणालीस ती तुझी प्रार्थना होती. तर ती रोज चंदन उगाळून झाल्यावर, तुझ्या हाताला विसावा मिळावा म्हणून, मी मनात म्हणतो.

सिंगारम्‌ला सोमवारी यायला सांगितले आहे. वसंताने पाटा पुन्हा आडवा करून ठेवला आहे, मिरच्या काढून ठेवल्या आहेत. त्याची हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की आमच्याकडे तिसरी ओवी सुरू झाली असे आम्ही समजू. तूही समज.

तुझा,
अण्णा